बिघाडाची वही

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. रविवारची सकाळ आहे, सहा वाजायला पाच मिनिटं कमी. तुम्ही सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत उभे आहात. तुमच्या गळ्यात एक घड्याळ अडकवलंय, शाळेत खेळाच्या सरांकडे असतं तसं, बटण दाबलं की पळायला लागणारं. समोर आठ-दहा आजोबा बुटांच्या नाड्या आवळताहेत. कोणी खोकतंय, कोणी कानटोपी खिशात कोंबतंय. आणि सगळे तुमच्याकडे बघताहेत, कारण तुम्ही बटण दाबल्याशिवाय कोणी पहिलं पाऊल टाकायचं नाही असा इथला नियम आहे. तुमचं वय अकरा, आणि सत्तरीची माणसं तुमच्या अंगठ्याची वाट बघताहेत. कसं वाटेल?

अक्षताला दर रविवारी तसं वाटायचं. ती धायरीला राहायची, सहावीत होती, आणि ‘रविवार मंडळ’ नावाच्या त्या आजोबांच्या टोळीची वेळ लावायचं काम तिच्याकडे होतं. हे काम तिला मिळालं ते तिच्या आबांमुळे.

आबा म्हणजे तिच्या वडिलांचे वडील, रावसाहेब. त्यांनी एकतीस वर्षं स्वारगेट डेपोतून शहरातली बस चालवली. निवृत्त झाल्यावर, स्टिअरिंग सुटलं तरी पाय सुटायला नकोत, असं म्हणून ते गड चढू लागले. अंगाने काडीसारखे बारीक, ताठ, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला मधूनमधून पळावं लागे. ‘माझ्या अंगावर चिमटीत धरायला चरबी न्हाय,’ असं ते अभिमानाने सांगत, आणि गडावर पोचले की कांदाभजीच्या दोन प्लेट मागवत. चढलो की खाल्लेलं जळून जातं, हा त्यांचा हिशेब होता.

मंडळाचा एक रिवाज होता. त्यांच्याकडे एक काळीभोर शिसवी काठी होती, पितळी मुठीची. मंडळातल्या ज्याला सत्तर वर्षं पुरी होतील त्याने वाढदिवसाच्या आठवड्यातल्या रविवारी आतकरवाडीपासून वरच्या पुणे दरवाजापर्यंत सव्वा तासाच्या आत चढायचं. वाटेत थांबला तर तेही वेळेत धरायचं. जमलं तर काठी त्याची, पुढचा सत्तरीचा गडी येईपर्यंत. सध्या ती गोपाळकृष्ण मास्तरांकडे होती. हे गणिताचे निवृत्त शिक्षक, पेठेत वाढलेले. बोलायचे मोजकं, पण त्यातला निम्मा भाग टोचायचाच. गेली दोन वर्षं ती काठी आबांच्या डोळ्यांसमोर आपटत ते चढत होते आणि मधूनच म्हणत होते, “रावसाहेब, हिला तेलपाणी करून ठेवलंय. तुम्ही सत्तरीला पोचलात तर उपयोगी पडेल.”

आबांचा तो रविवार डिसेंबरातला दुसरा होता. आबांना ती काठी हवी होती, आणि अक्षताला ती आबांच्या हातात दिलेली बघायची होती. त्यासाठी तिने निळ्या पुठ्ठ्याची एक वही केली होती. दर रविवारची आबांची वेळ त्यात लिहिलेली असे.

पण तिला त्या चढणीतलं सगळ्यात आवडायचं ते वेगळंच. ते होतं बसचं खेळणं. बाकीचे आजोबा आपापल्या चालीने पुढे-मागे होत, तेव्हा आबा आणि ती मिळून एक बस होत. आबा ड्रायव्हर, ती कंडक्टर. आबांना थांबावंसं वाटलं की ते म्हणत, “थांबा आला, बेल मार.” ती तोंडाने टिंग करायची. मग थांब्यावर एक गोष्ट. सगळ्या आबांच्या बसमधल्या. शेळीचं अर्धं तिकीट मागणाऱ्या बाईची, बसच्या गळक्या छताखाली छत्री उघडून बसलेल्या साहेबाची, आणि आपल्याच वरातीला उशीर झालेल्या नवरदेवाची, ज्याला आबांनी बँडच्या पुढे नेऊन उतरवलं होतं. प्रत्येक थांब्याला अक्षताने नाव दिलं होतं. कातळाचा थांबा, ताकवाल्या मावशींचा थांबा, करवंदीचा थांबा. वहीत वेळेच्या खाली ती थांब्यांची आणि गोष्टींची नावंही लिहून ठेवायची, म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तर आबांना पकडता यावं.

जूनमध्ये थांबे दोन होते. दिवाळीपर्यंत पाच झाले. अक्षताची चंगळ होती.

डिसेंबरातला पहिला रविवार उजाडला, म्हणजे काठीच्या रविवारच्या आधीचा. त्या दिवशी आबा पुणे दरवाजाशी पोचले ते एक तास चौदा मिनिटांनी. एका मिनिटाने आत. अक्षता खूश झाली. गोपाळकृष्ण मास्तर आधीच वर पोचून, काठीवर हनुवटी टेकवून बसले होते.

“रावसाहेब,” ते म्हणाले, “पूर्वी तुमची बस लिमिटेड होती. आता प्रत्येक खांबाला थांबायला लागली वाटतं.”

सगळे हसले. आबाही हसले. पण अक्षता त्यांच्या अगदी जवळ उभी होती, म्हणून तिला दिसलं की आबा सगळ्यांच्या मागून हसले, आणि हसायच्या आधी त्यांनी छातीच्या मधोमध तळहात दाबून एक मोठा श्वास घेतला. भजीची एकच प्लेट त्यांनी मागवली, आणि तीही अर्धी तिच्याकडे सरकवली.

बुधवारी संध्याकाळी अक्षता वही घेऊन बसली. काठीच्या दिवशी मंडळापुढे दाखवायची तर ती नीटनेटकी हवी, म्हणून जूनपासूनच्या नोंदी ती एका मोठ्या कागदावर उतरवत होती. रविवार एका रांगेत, वेळा दुसऱ्या, थांबे तिसऱ्या. उतरवता उतरवता तिचा हात मंदावला.

पहिली गोष्ट तिला दिसली ती अशी. जूनमध्ये बासष्ट मिनिटं, आता चौऱ्याहत्तर. आठवड्याला अर्धं मिनिट वाढलं तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण सगळे आठवडे एकाखाली एक ठेवले की ते जिन्यासारखे दिसतात. दुसरी गोष्ट, थांबे आता सात होते. आणि तिसरी गोष्ट बघून तिने पेन खाली ठेवलं. जूनमध्ये पहिला थांबा होता ताकवाल्या मावशींचा, जवळजवळ अर्ध्या वाटेवर. आता पहिला थांबा होता विजेचा खांब. तो तर वाडीतलं शेवटचं घर ओलांडलं की लगेच येतो.

मग तिला आणखी एक आठवलं, जे वहीत नव्हतं. पूर्वी बेल मारली की गोष्ट सुरू व्हायची. हल्ली बेल मारल्यावर आबा आधी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत उभे राहायचे. ते बराच वेळ फिरवायचे. गोष्ट त्याच्यानंतर यायची. अक्षताला वाटायचं, आबा गोष्ट आठवताहेत.

आबा गोष्ट आठवत नव्हते. आबा श्वासाची वाट बघत होते. गोष्टी वाढल्या होत्या, कारण थांबावं लागत होतं. आणि आपण त्यावर चंगळ करत होतो, हे कळल्यावर अक्षताचे कान गरम झाले.

गुरुवारी शाळेतून आल्यावर ती तडक गॅलरीत गेली. आबा तिथे रविवारसाठी बुटांना ब्रश मारत बसले होते. तिने मोठा कागद त्यांच्यासमोर पसरला आणि विजेच्या खांबावर बोट ठेवलं.

आबांनी कागद पाहिला. मग ब्रश खाली ठेवला.

अक्षताने सरळ विचारलं तसं त्यांनी सरळ सांगितलं, कारण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. चढाला लागलं की छातीत आवळल्यासारखं होतं, कोणी पट्टा ओढावा तसं. कधी डाव्या जबड्यापर्यंत जातं. दोन मिनिटं उभं राहिलं की सुटतं. सुटतं म्हणजे काही नाही, पित्त असणार. भजीमुळे होत असेल म्हणून तर एक प्लेट कमी केली. आणि मग, बोलण्याच्या ओघात, दुसरीही गोष्ट बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी रक्तात कोलेस्टेरॉल जास्त निघालं होतं, तेव्हा डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली होती. ती मे महिन्यापासून बंद होती.

“बंद का केली?”

“रिपोर्ट चांगला आला की. समदे आकडे जाग्यावर. दुरुस्त झालेली गाडी कशापायी गॅरेजात ठेवायची?”

अक्षता विचार करायला लागली. आबांनी तिला बसचं बरंच काही शिकवलं होतं. इंजिन कसं तापतं, रेडिएटरमधलं पाणी ते तापणं कसं आवरतं, आणि ड्रायव्हरसमोरचा काटा ते कसं दाखवतो, हे सगळं तिला पाठ होतं.

“आबा,” ती म्हणाली, “काटा जागेवर असतो तो रेडिएटरमध्ये पाणी असतं म्हणून ना? मग काटा जागेवर आहे असं बघून तुम्ही पाणी काढून टाकायचात का?”

एकतीस वर्षांत आबांना डेपोत असं कोणी पकडलं नव्हतं. त्यांनी मान्य केलं की तिचं बरोबर हाय. डॉक्टरांकडे जायला हवं हेही मान्य केलं. पण सोमवारी. रविवार एकदा होऊन जाऊ दे. सत्तरावा वाढदिवस पुन्हा येत नाही, आणि मास्तर आयुष्यभर ऐकवत बसतील.

“तवर घरात बोलू नको,” ते म्हणाले. “तुझ्या बापाला कळलं तर मला कुलूप लावून ठेवील. एका रविवाराचा तर प्रश्न हाय.”

अक्षताने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कागद गुंडाळून ती आत गेली.

आता तुम्ही तिच्या जागी असता तर? एका बाजूला आबांचा शब्द, दोन वर्षं वाट पाहिलेली काठी, आणि आजवर आबांची एकही गुपित गोष्ट न फोडणारी त्यांची कंडक्टर. दुसऱ्या बाजूला तो पहिला थांबा, जो दर महिन्याला खाली सरकत विजेच्या खांबापर्यंत आला होता. रविवारी आबा सव्वा तासात चढायला बघणार, म्हणजे थांबे कमी करणार. छातीत आवळलं तरी न थांबता चालणार. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिला गणित येत होतं.

ती खिडकीत जाऊन बसली. तेव्हा तिला आबांनीच सांगितलेली एक गोष्ट आठवली. तिच्यात विनोद नव्हता, म्हणून ती तिची आवडती नव्हती. डेपोत एक बिघाडाची वही असायची. पाळी संपली की ड्रायव्हरने गाडीत जे जे खटकलं ते त्यात लिहायचं. ब्रेक उशिरा लागतो, आवाज येतो, काय असेल ते. आणि खाली स्वतःची सही करायची. वहीत बिघाड लिहिलेली गाडी दुसऱ्या दिवशी कोणीही बाहेर काढायची नाही, डेपो मॅनेजर आला तरी नाही. मेकॅनिकने तपासून सही केली की मगच ती लाईनवर, म्हणजे रस्त्यावर, जायची. काही ड्रायव्हर लिहायचे नाहीत. लिहिलं की गाडी अडकते, पाळी बुडते. आबा म्हणायचे, ‘बिघाड झाकून गाडी मी एकदाबी दुसऱ्याच्या हवाली केली न्हाय. माझ्या मागं बसणाऱ्यांना काय म्हाईत, आत काय चाललंय? म्हाईत असतं ते ड्रायव्हरला.’

अक्षताने निळी वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर पट्टीने चौकट आखली.

शुक्रवारी सकाळी आबा चहा पीत होते. शाळेचा गणवेश घातलेली अक्षता आली आणि तिने ती वही बशीशेजारी ठेवली, पेनसकट. आबांनी चष्मा लावला. पानावर लिहिलं होतं:

‘गाडी: आबा. वापर: सत्तर वर्षं. बिघाड: एक, चढाला दम टाकते, दोन थांब्यांचे सात झाले. दोन, छातीत आवळतं, जबड्यापर्यंत जातं, थांबल्यावर सुटतं. तीन, कोलेस्टेरॉलची गोळी मे महिन्यापासून बंद. ड्रायव्हरची सही:’

सहीची जागा कोरी होती.

“मी बाबांना काही सांगितलं नाहीये,” अक्षता म्हणाली. “शाळेतून आल्यावर सांगणार आहे. पण आधी वही ड्रायव्हरला द्यायची असते.”

चहावर साय धरली तरी आबा वाचत होते. पान काही मोठं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो गेला, आणि मग जे आलं त्याचं नाव अक्षताला सांगता आलं नसतं. त्यांनी पेन उघडलं. डेपोत करायचे तशी, आडवी आणि ठसठशीत सही केली. शेजारी सवयीने आपला जुना बिल्ला नंबरही घातला.

“योगेश,” त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, “गाडी काढ. मला दीपमाला मॅडमकडं जायचंय.”

योगेश म्हणजे अक्षताचे बाबा. हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकाचं काम करायचे. ते टाय हातात धरून बाहेर आले, वही वाचली, आणि टाय खुर्चीवर टाकून किल्ली शोधायला लागले. अक्षताला त्या दिवशी शाळा बुडवायची परवानगी मिळाली. पुरावा तिच्याकडे होता ना.

दीपमाला मॅडम धायरीच्या जुन्या डॉक्टर. त्यांनी अक्षताचा मोठा कागद टेबलावर पसरून नीट वाचला, आणि असा पेशंट आपल्याकडे आजवर आला नाही असं म्हणाल्या. हृदयाचा आलेख काढला. तो बऱ्यापैकी ठीक निघाला. आबांचा चेहरा लगेच खुलला.

“इतक्यात नको,” मॅडम म्हणाल्या. “हा बसल्या जागेचा आलेख आहे. मला सांगा, स्वारगेटच्या चौकात एकच लेन चालू ठेवली, तर पहाटे पाचला तुमची बस निघेल?”

“निघंल की.”

“आणि संध्याकाळी सहाला?”

“अडकंल,” आबा म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं.

मॅडमनी मग समजावून सांगितलं. हृदय म्हणजे एक स्नायूच. त्यालाही रक्त लागतं, आणि ते आणणाऱ्या नळ्या जेमतेम पेन्सिलीच्या शिशाहून थोड्या जाड. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त राहिलं की वर्षानुवर्षं ते त्या नळ्यांच्या भिंतीत साठत जातं आणि वाट अरुंद होते. बसून असताना भागतं. चढ आला की हृदय जास्त रक्त मागतं, ते पोचत नाही, आणि छाती आवळते. याला पित्त म्हणत नाहीत. आणि ते दिवसेंदिवस लवकर व्हायला लागलंय, म्हणून थांबायची सोय नाही. आजच मोठ्या दवाखान्यात जायचं. एरवीही असं आवळलं आणि विश्रांती घेऊन सुटलं नाही, घाम फुटला, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ १०८ला फोन करायचा. हे शेवटचं त्यांनी अक्षताकडे बघून सांगितलं.

आपल्या अंगावर चिमटीत धरायला चरबी नाही, हा आपला मुद्दा आबांनी पुढे केला. मॅडम हसल्या. कोलेस्टेरॉल माणसाचं पोट बघून येत नाही, त्या म्हणाल्या. बरंचसं तर आपलं यकृतच तयार करतं. खाण्याने ते वाढतं, बसून राहण्याने वाढतं, पण काही घराण्यांत ते जन्मापासूनच जास्त असतं. ते दुखत नाही, खुपत नाही. रक्त तपासल्याशिवाय दिसत नाही. घरात आणखी कोणाला हृदयाचं काही झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा आबांनी हळू आवाजात सांगितलं, की थोरले भाऊ चोपन्नाव्या वर्षी बसल्या जागी गेले.

मॅडमनी चष्म्यावरून योगेशकडे पाहिलं. “तुमचं वय?”

“एक्केचाळीस.”

“कोलेस्टेरॉल कधी तपासलंय?”

“कंपनीत चेकअप असतं मॅडम,” योगेश म्हणाले, “पण नेमकी तेव्हा नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती, वेळच मिळाला नाही.”

“पुढच्या आठवड्यात करा,” मॅडम म्हणाल्या.

शनिवारी आबांच्या हृदयाच्या नळ्यांची तपासणी झाली. एक नळी बरीच बंद झाली होती. डॉक्टरांनी मनगटातून बारीक तार नेऊन ती मोकळी केली आणि आत जाळीची एक छोटी नळी बसवली. तासाभराचं काम. रविवारी सकाळी सहा वाजता, आतकरवाडीत असायचं त्या वेळी, आबा दवाखान्यातल्या पलंगावर उशीला टेकून बसले होते, आणि गोपाळकृष्ण मास्तर मोसंब्यांची पिशवी घेऊन समोर उभे होते. मास्तर त्या दिवशी गडावर गेलेच नव्हते.

“गोळी बंद केली होतीत म्हणे,” ते म्हणाले. “छान. उत्तर बरोबर आलं की आम्ही पोरांना पायऱ्या खोडायला सांगत नसू. आपली पद्धत वेगळी दिसते.”

मास्तरांचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता, पण मोसंब्यांची पिशवी खाली ठेवायला ते विसरून गेले होते.

त्यानंतर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि त्या कशासाठी आहेत हे प्रत्येक पाकिटावर अक्षताने स्केचपेनने लिहिलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीवर लिहिलं, ‘रेडिएटरचं पाणी’. आबा आधी घरात चालले, मग सोसायटीच्या आवारात, मग सपाट रस्त्यावर रोज अर्धा तास. स्वयंपाकघरात तेलाची बरणी लहान झाली. भाकरी, पिठलं, पालेभाजी, उसळी यांच्यावर कोणाची हरकत नव्हतीच. भजी महिन्यातून एकदा, दोनच, असा तह झाला. मार्चमध्ये तपासणीसाठी गेले तेव्हा अक्षताने निळी वही बरोबर नेली होती. दीपमाला मॅडमनी मोठ्या दवाखान्याचे कागद पाहिले, रक्ताचे आकडे पाहिले, आणि आबांच्या सहीखाली लिहिलं, ‘तपासली. लाईनवर सोडायला हरकत नाही. वेग बेताचा ठेवावा.’ आणि सही केली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मंडळ पुन्हा आतकरवाडीत जमलं. मास्तरांनी जाहीर केलं, की मंडळाची बैठक झाली असून तिला ते एकटेच हजर होते. गाडी डेपोत असतानाचे दिवस धरायचे नाहीत, असा ठराव त्यांनी एकमताने मंजूर केला होता. म्हणजे आजचा रविवार काठीचा.

पण अक्षताने गळ्यातलं घड्याळ काढून पिशवीत टाकलं. मॅडमनी वेग बेताचा सांगितलाय, ती म्हणाली, आज वेळ लावायची नाही. सत्तरीची ती सगळी माणसं क्षणभर तिच्या अंगठ्याकडेच बघत राहिली, आणि मग चालायला लागली.

विजेचा खांब आला आणि गेला. आबा थांबले नाहीत. ताकवाल्या मावशींपाशी त्यांनी बेल मारायला सांगितली, आणि अक्षताने टिंग केलं न केलं तोच गोष्ट सुरू झाली. बाटलीचं झाकण कोणी फिरवलंच नाही. दुसरा थांबा करवंदीचा. एवढेच दोन. पुणे दरवाजाशी पोचले तेव्हा आबांचा श्वास जोरात चालला होता, पण तो चढून आलेल्या माणसाचा चांगला श्वास होता, आणि छातीवर हात नव्हता.

मास्तरांनी काठी पुढे केली. आबांनी ती हातात घेतली, पितळी मूठ शर्टाने पुसली आणि परत त्यांच्या हातात दिली.

“ठेवा मास्तर तुमच्याकडंच,” ते म्हणाले. “मला अजून लागत न्हाय.”

पंचवीस मिनिटांनी योगेश वर पोचले. आज वडिलांबरोबर म्हणून ते हौसेने आले होते. आल्या आल्या ते दगडावर बसले आणि बराच वेळ त्यांना बोलताच येईना. मग म्हणाले, बसून बसून सवय गेलीय, बाकी काही नाही. रक्त तपासायचा विषय आबांनी काढला तेव्हा ते म्हणाले, पुढच्या शनिवारी नक्की. डिसेंबरपासून ते असंच म्हणत होते. मास्तरांनी खिशातून घडी घातलेला स्वतःच्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट काढला, योगेशच्या मांडीवर ठेवला, आणि ताक आणायला निघून गेले.

अक्षता हे सगळं बघत होती. ती दगडावर बाबांच्या शेजारी जाऊन बसली. तिने पिशवीतून निळी वही काढली, उलटी केली आणि कोरं पान उघडलं. पट्टी आणली नव्हती, म्हणून हातानेच चौकट आखली. वर लिहिलं, ‘गाडी: बाबा. वापर: एक्केचाळीस वर्षं.’ बिघाडाच्या रकान्यात लिहिलं, ‘माहीत नाही, कारण तपासलेली नाही.’ मग खाली सहीसाठी एक रेघ ओढली, आणि पेन बाबांच्या हातात दिलं.